कंत्राटदार जोतीराव

महात्मा जोतीराव फुले (1827–1890) यांचे शिक्षणकार्य सर्वश्रुत आहे. ते व्यवसायाने कंत्राटदार होते, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. खडकवासल्याच्या धरणास बांधकामसाहित्य पुरविताना मजुरांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. हजेरीपटाची लेखणी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती निरक्षर मजुराची भाकरी! 1873 च्या ‘गुलामगिरी’त इंजिनिअर खात्यातील कर्मचाऱ्यांची लबाडी त्यांनी पोवाड्यातून वेशीवर टांगली. सरकारी कामांवर पोट असलेल्या माणसाने हे करावे, यातील धोका कोणाही कारकुनास उमजेल.

‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) मध्ये ते याही पुढे गेले. पलटणीतील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, अशी त्यांची मागणी होती. पलटण काही आली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी मात्र 1989 नंतर श्रमदान व सरकारी योजना यांची सांगड घालून तशीच कामे उभी केली.

1888 मध्ये पक्षाघाताने जोतीराव अंथरुणास खिळले. धरणाची कंत्राटे केलेल्या या माणसाच्या घरी तेव्हा पैशाची चणचण होती. मामा परमानंदांना त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीरावांकडे साहाय्य मागावे लागले.