राजमुद्रेकडून वेदीकडे : संत टॉमस बेकेट

नाताळ म्हणजे ख्रिस्तजन्माचा आनंदोत्सव. परंतु त्याच्या पाचव्याच दिवशी, २९ डिसेंबरला, ख्रिस्ती पंचांगात एका हुतात्म्याचे स्मरण होते. ते हुतात्मे म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप संत टॉमस बेकेट.

इ. स. ११२० च्या सुमारास लंडनमधील एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या सेवेत त्यांची बुद्धिमत्ता झळकली आणि ११५५ मध्ये दुसऱ्या हेन्री राजाने त्यांना चान्सलर नेमिले. राजमुद्रा हाती आली, वैभव आले, राजाचे सख्यही लाभले. ११५८ मध्ये ते राजाचे वकील म्हणून पॅरिसला गेले, तेव्हा त्यांचा लवाजमा पाहून फ्रेंच लोक विस्मित झाले.

११६२ मध्ये हेन्रीने याच मित्राला आर्चबिशपच्या गादीवर बसविले. धर्मपीठ आता आपल्या मुठीत आले, ही राजाची अटकळ. ती चुकली. टॉमस यांनी चान्सलरपद सोडून दिले. दोन धन्यांची चाकरी एका देहाने होत नाही, हे त्यांनी ओळखले.

अपराधी धर्मगुरूंना शिक्षा कोणी करावी, यावरून कलह पेटला. राजाचा पक्ष सर्वस्वी अन्यायाचा होता असे नव्हे. धर्मपीठाच्या न्यायालयात घोर अपराध्यासही सौम्य शिक्षा होई. परंतु जानेवारी ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे राजाने मांडलेली १६ कलमे याहून पुढे गेली. राजाच्या अनुमतीवाचून पोपकडे दाद मागावयाची नाही, बिशपांची निवडही राजाच्या संमतीनेच व्हावयाची.

येथे टॉमस डगमगले. दडपणाखाली त्यांनी तोंडी मान्यता दिली. मात्र आपली मुद्रा उमटविली नाही. पश्चात्तापाने होरपळून त्यांनी स्वतःस वेदीवरील मिस्साविधीस अपात्र मानिले आणि पोपकडे क्षमा मागितली. त्यांच्या चरित्राचा गाभा हाच. ते न चुकणारे नव्हते. चुकून परत फिरणारे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्थॅम्प्टन येथे राजाने त्यांच्यावर खटला भरिला. वेषांतर करून ते फ्रान्समध्ये गेले. राजाने त्यांच्या आप्तांनाही देशोधडीस लाविले. सहा वर्षांच्या वनवासानंतर, ११७० मध्ये समेट होऊन ते २ डिसेंबरला कँटरबरीस परतले. परंतु त्यांना डावलून युवराजाचा राज्याभिषेक करणाऱ्या बिशपांवरील दंड मागे घेण्यास त्यांनी नकार दिला. नॉर्मंडीत राजाचा क्रोध अनावर झाला. त्याचे संतप्त उद्गार हीच आज्ञा समजून चार सरदार निघाले.

२९ डिसेंबरची सायंप्रार्थना चालू होती. भयभीत मठवासीयांनी दारे लावून घेतली. देवालय म्हणजे किल्ला नव्हे, या भावनेने टॉमस यांनी ती उघडावयास लाविली. तेथेच तलवारींचे घाव पडले. मृतदेहावरील वस्त्रांखाली केसाळ, बोचरे तापसवस्त्र आढळले. दरबारी थाटाच्या या पुरुषाचे व्रत असे गुप्त होते.

११७३ मध्ये पोपने त्यांना संतपद दिले. ११७४ च्या जुलैत तोच हेन्री अनवाणी त्यांच्या समाधीपाशी आला आणि मठवासीयांकडून त्याने आपल्या पाठीवर फटके घेतले.

पुढे १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधी उद्ध्वस्त केली. आज त्या रिकाम्या जागी एक मेणबत्ती तेवत असते. राजाचा मान राजाला द्यावा. परंतु अंतःकरणाचे सिंहासन परमेश्वराचे, ते दुसऱ्यास देता येत नाही. ख्रिस्तजन्माच्या आनंदात या हुतात्म्याचे स्मरण करावयाचे ते याचसाठी.