लयीला किती गुण?

आपल्या शाळेत व्हेर्दी हे नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. गाण्याच्या तासाला पेटी होती, समूहगीतं होती, स्नेहसंमेलनात नाट्यगीतंही होती. पण इटलीचा ऑपेरा आपल्यापर्यंत यायचं काही कारणच नव्हतं. पुढे इंजिनिअरिंग झालं, सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जर्मनीत आले आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या आग्रहामुळे इथल्या एका हौशी गायनवृंदात नाव घातलं. शिक्षिका, नर्स, निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि माझ्यासारखे संगणकवाले असे आम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ जमतो. तिथे मला व्हेर्दी भेटले. स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लिहायचं ठरलं, तेव्हा दुसरं नाव डोळ्यांसमोर आलं नाही. कारण गेली दोन वर्षं एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे आणि त्याचं उत्तर शोधताना मी त्यांच्या आयुष्याशी येऊन पोचले. हौशी मंडळी ऑपेरातलं संगीत गातात, तेव्हा त्यांच्या लयीला गुण द्यायचे ते कशाच्या आधारावर?

जुझेप्पे व्हेर्दी यांचा जन्म ऑक्टोबर १८१३ मधला. उत्तर इटलीत बुसेटो नावाच्या गावाजवळ रोंकोले ही छोटी वस्ती आहे, तिथला. वडील खाणावळ चालवत, आई सूत कातायची. मुलाची ओढ पाहून वडिलांनी एक जुना स्पिनेट, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातलं छोटं पट्ट्यांचं वाद्य, घरी आणला. तो दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं मजुरी घेतली नाही. मुलाची शिकण्याची तयारी हाच आपला मोबदला, अशा अर्थाची चिठ्ठी त्यानं १८२१ साली त्या वाद्यातच ठेवून दिली. गावच्या चर्चमधला ऑर्गन वाजवणारा म्हातारा वारला, तेव्हा त्याच्या जागी हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा बसू लागला.

पुढचं शिक्षण बुसेटोत झालं आणि माझ्या दृष्टीनं गोष्ट खरी इथे सुरू होते. बुसेटोत एक फिलहार्मोनिक सोसायटी होती. नाव भारदस्त, पण मंडळी गावातलीच, हौशी. तिचे सूत्रधार आंतोनियो बारेझ्झी हे किराणा मालाचे व्यापारी. ते स्वतः बासरीसारखी वाद्यं वाजवत आणि सोसायटीच्या तालमी त्यांच्याच घरी होत. शिकवायला फेर्दिनांदो प्रोवेझी होते. शाळकरी व्हेर्दी या मंडळींसाठी स्वरलिपी उतरवून देई, त्यांच्यासाठी मार्च आणि छोट्या रचना लिही, तालमी घेई. दिवसभर दुकान किंवा कचेरी सांभाळून संध्याकाळी वाद्य हातात घेणारी माणसं कुठे अडखळतात, कुठे घाई करतात, कुठे त्यांचा दम संपतो, हे त्यानं अगदी लहान वयात जवळून ऐकलं.

बारेझ्झींनी खर्चाची जबाबदारी घेतली आणि १८३२ साली अठरा वर्षांचा व्हेर्दी मिलानच्या संगीत विद्यालयात प्रवेशासाठी गेला. तिथे त्याला नाकारण्यात आलं. वय प्रवेशाच्या मर्यादेपेक्षा जास्त, परक्या राज्यातला रहिवासी, आणि पियानोवर हात ठेवण्याची पद्धत सदोष, अशी कारणं होती. तो नामंजूर झालेला अर्ज व्हेर्दींनी जन्मभर जपून ठेवला. परीक्षकांचं अगदीच चुकलं होतं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या कोष्टकाप्रमाणे त्यांनी गुण दिले. पण त्या कोष्टकात हाताची ठेवण मोजायला जागा होती, या मुलाला काय ऐकू येतं हे मोजायला नव्हती. गंमत म्हणजे त्याच विद्यालयाला आज व्हेर्दींचं नाव आहे.

व्हेर्दी मिलानमध्येच राहून विंचेन्झो लाविन्या यांच्याकडे खासगी शिकू लागले. १८३४ साली तिथल्या एका हौशी संस्थेनं हायडनचं 'क्रिएशन' हे मोठं काम बसवायला घेतलं होतं. एका तालमीला नेहमीचे संचालक आलेच नाहीत. कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या वीस वर्षांच्या व्हेर्दींना पियानोवर साथ करायला बसवलं. नुसता खर्जाकडचा भाग वाजवला तरी पुरे, अशी माफक अपेक्षा होती. पुढे व्हेर्दींनीच सांगितल्याप्रमाणे, थोड्याच वेळात त्यांचा डावा हात पियानोवर आणि उजवा हात गाणाऱ्यांना लय देण्यात गुंतला होता. प्रत्यक्ष कार्यक्रमही त्यांच्याकडेच सोपवला गेला. त्या ओळखीतूनच पहिल्या ऑपेराची बोलणी निघाली आणि नोव्हेंबर १८३९ मध्ये 'ओबेर्तो' ला स्काला या थिएटरात रंगमंचावर आला. विद्यालयानं बंद केलेलं दार हौशी गाणाऱ्यांनी उघडलं, असंच म्हणायला हवं.

मधली वर्षं फार कठीण गेली. बारेझ्झींची मुलगी मार्गेरिता ही त्यांची पत्नी. दोन्ही लेकरं लागोपाठ गेली आणि १८४० साली मार्गेरिताही गेली. त्याच वर्षी दुसरा ऑपेरा सपशेल पडला. मार्च १८४२ मध्ये 'नाबुक्को' आला आणि व्हेर्दींचं नाव सर्वतोमुखी झालं. बॅबिलोनमध्ये बंदिवान झालेले ज्यू आपल्या मायभूमीची आठवण काढतात, ते त्यातलं समूहगान जगभरच्या हौशी गायनवृंदांचं लाडकं आहे. आम्हीही ते गातो. बहुतेक ठिकाणी ते पहिल्या सुरापासून भरघोस, छाती फुगवून गायलं जातं. प्रत्यक्षात व्हेर्दींनी सुरुवातीला लय ठाय आणि आवाज दबका ठेवायला सांगितलं आहे. कुजबुजल्यासारखं सुरू होतं, म्हणूनच मधे एकदम उसळणारा आवाज अंगावर येतो. सगळंच मोठ्यानं गायलं की उसळायला काही उरत नाही. म्हणजे अर्थ हरवतो तो लयीच्या आकड्यामुळे नाही, तर खूण न वाचल्यामुळे.

गाणाऱ्यानं अर्थ पोचवावा, याबद्दल व्हेर्दी किती कडक होते हे 'मॅकबेथ'वरून कळतं. १८४७ साली फ्लोरेन्समध्ये तो बसवताना नायिकेचं काम करणाऱ्या मारियाना बार्बिएरी-निनी यांच्याकडून त्यांनी एका युगुलगीताच्या इतक्या तालमी करून घेतल्या, की आठवणींमध्ये त्या बाई दीडशेचा आकडा सांगतात. पुढच्या वर्षी नेपल्समध्ये त्याच भूमिकेसाठी एउजेनिया तादोलिनी यांची निवड झाली, तेव्हा व्हेर्दींनी हरकत घेतली. कारण काय, तर बाईंचा आवाज फार सुंदर आहे! ती भूमिका एका क्रूर, पोखरलेल्या मनाच्या स्त्रीची. तिथे त्यांना गोडवा नको होता. सुरेल गाणं आणि खरं गाणं यांत फरक करणारा हा माणूस होता.

आता लयीकडे येते. मेट्रोनोम हे ठोके मोजणारं यंत्र व्हेर्दींच्या लहानपणीच बाजारात आलं होतं. मिनिटाला साठ म्हणजे सेकंदाला एक ठोका, इतका सरळ हिशेब. व्हेर्दी आपल्या रचनांवर असे आकडे घालत. कंडक्टर मंडळी स्वतःला रचनाकार समजून मनाला येईल तशी लय बदलतात, याचा त्यांना मनस्वी राग होता आणि पत्रांतून ते तो व्यक्त करत. एवढं वाचून मला वाटलं, प्रश्न मिटला. मोबाइलवर मेट्रोनोम लावायचा आणि गुण द्यायचे. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला असं उत्तर आवडतंच.

पण अखेरच्या काळात त्यांनी 'ते देउम' ही धार्मिक रचना लिहिली. तिच्यावर त्यांनी एक सूचना लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा, की सगळी रचना मेट्रोनोमनं दाखवलेल्या एकाच लयीत व्हावी. मात्र भाव आणि रंग यांच्या गरजेनुसार काही जागी लय थोडी सैल किंवा घट्ट करावी आणि दर वेळी मूळ लयीवर परत यावं. आकडा आहे, मोकळीकही आहे, आणि मोकळीक कशासाठी व कुठवर हेही सांगितलं आहे.

१८९८ साली याच रचनेच्या तयारीसाठी तरुण कंडक्टर आर्तुरो तोस्कानिनी जेनोआला त्यांच्या भेटीला गेले. अकरा वर्षांपूर्वी 'ओतेल्लो'च्या पहिल्या प्रयोगात हेच तोस्कानिनी वाद्यवृंदात चेलो वाजवत होते. पियानोवर वाजवून दाखवताना एका जागी त्यांनी लय जराशी ओढली. कागदावर तशी खूण नव्हती. व्हेर्दींनी शाबासकी दिली. मग लिहिलं का नाही, या प्रश्नावर त्यांचं म्हणणं असं होतं, की लिहिलं असतं तर लोकांनी ती जागा फारच ओढली असती. तोस्कानिनींनी सांगितलेली ही आठवण मी आमच्या गटात बऱ्याच वेळा सांगितली आहे.

इथे आमच्या भागातले काही हौशी गायनवृंद वर्षातून एकदा एकत्र येतात आणि एकमेकांना गुण देतात. दोन वर्षांपूर्वी मी परीक्षकांत होते. एका लहान गावचा वयस्कर मंडळींचा गट 'नाबुक्को'तलं तेच समूहगान गायला. लय इतरांपेक्षा बरीच ठाय. शेजारच्या परीक्षकांनी मोबाइलवर ठोके मोजले आणि गुण कापले. माझं मत वेगळं होतं. ती लय पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या ताब्यात होती. जिथे ती सैल झाली तिथे शब्दाला वजन आलं आणि पुढच्याच ओळीला ती जागेवर आली. सुरुवात खरोखर दबक्या आवाजात होती. दुसऱ्या एका तरुण गटाचा आकडा अगदी बरोबर होता, पण दर ओळीच्या शेवटी श्वास संपल्यामुळे ते मागे पडत आणि पुढची ओळ घाईनं पकडत. माझ्या कागदावर वयस्कर गट वर होता. बेरजेत मात्र तो अर्ध्या गुणानं मागे राहिला आणि वार्षिक मैफलीतली त्यांची जागा गेली. त्यांच्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, की आमचं नेमकं काय चुकलं? कागदावर फक्त आकडा होता, उत्तर नव्हतं. त्या वर्षीच्या बैठकीत मी आग्रह धरला, की लयीच्या रकान्याशेजारी 'बदल कशासाठी वाटला' असा रकाना हवा. आता तो आहे. परीक्षकाला दोन ओळी लिहाव्याच लागतात, आणि लिहायचं म्हटलं की ऐकावं लागतं.

व्हेर्दींनी स्वतः हौशी मंडळींना कमी लेखलं नाही. आपलं 'रेक्विएम' घेऊन १८७७ साली ते कोलोनच्या संगीत महोत्सवात आले, तेव्हा तिथे गाणारे लोक आमच्यासारखेच, गावोगावच्या गायनमंडळांतले होते. ऐकणाऱ्यांचा निकालही ते मिश्कीलपणे घेत. १८७२ साली एका प्रेक्षकानं 'आयडा' दोनदा पाहिला, आवडला नाही, आणि गाडीभाडं, तिकीट व जेवणाचे पैसे परत मागितले. व्हेर्दींनी प्रकाशकाकरवी पैसे दिले, पण जेवणाचे वगळून. जेवण तो घरीही जेवला असता! शिवाय पुन्हा आपला नवा ऑपेरा पाहायला येणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं.

२७ जानेवारी १९०१ रोजी मिलानमध्ये ते गेले. वृद्ध आणि गरजू संगीतकारांसाठी त्यांनी तिथे एक निवास बांधला होता. महिन्याभरानं त्यांना तिथे अंतिम विश्रांतीसाठी नेलं, तेव्हा तोस्कानिनींच्या संचालनाखाली आठशेहून अधिक गळ्यांनी 'नाबुक्को'तलं तेच समूहगान गायलं.

आपल्या मेळाव्यातही गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि आपल्यातले काही जण परीक्षक असतील. मित्रमैत्रिणींनो, बाई आणि सर, माझी एवढीच विनंती आहे. कुणाची लय ठाय वाटली तर लगेच गुण कापू नका. ती शब्दासाठी सैल झाली की दम संपला म्हणून, आणि ती परत जागेवर आली का, हे ऐका. आणि कागदावर आकड्याबरोबर दोन शब्द जरूर लिहा. गाणाऱ्याला घरी नेण्यासारखं तेवढंच असतं.