कमलाबाई सोहोनी

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर प्रसिद्ध आहे. हंगामात तेथे तांबड्या कांद्याने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात. त्याच निफाड तालुक्यात हिरवी व काळी द्राक्षे आणि लालबुंद टोमॅटोही पिकतात. रंगांची ही दौलत डोळ्यांना सुखावते. परंतु तिच्या पोटात काय दडले आहे, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गाजराला आणि भोपळ्याला केशरी वर्ण देणाऱ्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते व त्यावर डोळ्यांचे आरोग्य अवलंबून असते. पेरू, आवळा, लिंबू यांतील क जीवनसत्त्व मुळीच मिळाले नाही, तर हिरड्यांतून रक्त येऊ लागते. शतकापूर्वी हे ज्ञान अगदी नवे होते. वनस्पतींपासून मिळणाऱ्या अन्नाच्या अंतरंगाचा शोध ज्यांनी पुढे चालविला, त्यांत एक मराठी स्त्री होती. तिचे नाव कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. अशा घरात विद्येची गोडी लागली नसती तरच नवल! 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी पहिल्या क्रमांकाने मिळविली आणि वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्ज करणारी मुलगी होती म्हणून. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिकाचे मानकरी चंद्रशेखर वेंकट रामन होते. एवढ्या थोर माणसाचा शब्द, तेव्हा दुसरी कोणी मुकाट्याने परतली असती. कमलाबाईंनी तसे केले नाही. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. त्यांनी संचालकांच्या दाराशी सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह : पहिले वर्ष परीक्षेचे राहील, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. शेवटची अट तर कोणालाही झोंबावी अशीच होती. कमलाबाईंनी तो अपमान गिळला आणि कामाला हात घातला. श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरातच रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. शुद्ध केलेली प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ आणि क्षार एवढ्यावरच वाढविलेले उंदीर खुरटतात, पण त्यांना थोडे दूध मिळाले की ते वाढीस लागतात, हे हॉपकिन्स यांनी 1912 साली दाखवून दिले होते. पोटभर अन्न मिळाले तरी ते पुरेसे नसते. त्यात काही सूक्ष्म घटकही असावे लागतात, असा त्याचा अर्थ होता. याबद्दल त्यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या विद्यापीठात कमलाबाईंनी संशोधनासाठी निवडला तो आपल्या स्वयंपाकघरातील साधा बटाटा. बटाटा जमिनीतून उपटला तरी निर्जीव होत नाही. त्याच्या पेशी मंदपणे श्वसन करीत राहतात. म्हणूनच घरात ठेवलेल्या बटाट्याला पुढे कोंब फुटतात. या श्वसनाच्या कामी उपयोगी पडणारे ‘सायटोक्रोम सी’ नावाचे द्रव्य कमलाबाईंना बटाट्यात आढळले. प्राण्यांच्या पेशींतही हेच द्रव्य असते. माणूस आणि बटाटा यांच्या पेशी शक्ती मिळविण्यासाठी मुळाशी एकच युक्ती वापरतात, हे ऐकून आजही गंमत वाटते. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी प्रबंध पूर्ण केला. तो होता फक्त चाळीस पृष्ठांचा. पण त्यावर 1939 साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्लीत अध्यापन आणि कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर संशोधन केल्यावर, 1947 साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत प्राध्यापक झाल्या. गरिबाच्या ताटात जे पडते, तेच आता त्यांच्या प्रयोगशाळेत येऊ लागले. भाज्या व कडधान्ये यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारी द्रव्ये असतात. त्यांचा शोध त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतला. वालासारख्या कडधान्याची कसून तपासणी झाली. वाल भिजवून, मोड आणून, चांगले शिजविण्याची आपल्याकडील रीत किती शहाणपणाची आहे, हे अशा संशोधनामुळे कळून येते. शिजविल्याने त्या द्रव्यांचा जोर ओसरतो.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड व शिंदी यांच्या झाडांतून पाझरणारा हा गोड रस ताजा असतानाच प्यावा लागतो. ऊन चढले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. ताज्या नीरेत क जीवनसत्त्व व इतर पोषक द्रव्ये असतात. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती दिल्यास त्यांची प्रकृती सुधारते, असे या संशोधनात दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

पुढे त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालिका झाल्या. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या संघटनेत त्यांनी काम केले आणि ग्राहकहिताचे लेख लिहिले. 1998 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. तरुण शास्त्रज्ञांनी भरलेल्या त्या सभागृहात समारंभ चालू असतानाच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.