मराठीचे परदेशी उपासक : फादर स्टीफन्स

इ. स. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्याची २४ तारीख. पोर्तुगालमधील लिस्बन बंदरातून ४ एप्रिलला निघालेले एक जहाज गोव्याला येऊन लागले. आज कोल्हापुराहून सकाळी निघालेला प्रवासी संध्याकाळच्या आत गोवा गाठतो. या जहाजाला मात्र साडेसहा महिने लागले होते. ताज्या अन्नाच्या अभावी दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले व त्यांपैकी सत्तावीस जणांनी वाटेतच प्राण सोडले. जे सुखरूप उतरले, त्यांत तीस वर्षांचा एक इंग्रज तरुण होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. हिंदुस्थानात येऊन राहिलेला, नावानिशी माहीत असलेला हा पहिला इंग्रज होय.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळच्या युरोपची घडी मुलांनो, आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. मध्ययुगात तेथील सर्व समाजजीवन ख्रिस्ती धर्मसंस्थेभोवती फिरत असे. चर्चच्या घंटेवर गावाचा दिवस चाले. शाळा धर्मगुरू चालवीत. पोथ्यांच्या नकला मठांत होत. दीनदुबळ्यांना आसराही तेथेच मिळे. परंतु या संस्थेच्या हाती सत्ता होती आणि तिच्या मताहून निराळे मत बाळगणाऱ्यास कठोर शासन होई. पुढे इंग्लंडच्या राजाने रोमच्या पोपचे वर्चस्व झुगारून दिले. मग पारडे फिरले व पोपला मानणाऱ्यांचाच तेथे छळ होऊ लागला. स्टीफन्स हे अशांपैकी एक. एका मित्रासह रोमला जाण्याचा त्यांनी बेत केला होता. पण मित्र पकडला जाऊन तुरुंगात पडला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. तेथूनच पुढे ते गोव्यास आले.

धर्मासाठी मायभूमी सोडून आलेल्या या तरुणाला गोव्यात काय दिसले? येथे राज्य पोर्तुगिजांचे होते व धर्मसंस्थेच्या पाठीशी तलवार उभी होती. १५६० साली इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय गोव्यात सुरू झाले होते. १५६७ साली साष्टी प्रांतातील अनेक देवळे पाडण्यात आली. भाविकांनी आपले देव रातोरात नदीपार, आदिलशाही मुलखात नेले. कुशस्थळीचा मंगेश आज फोंड्याजवळच्या मंगेशीत आहे, तो याच कारणाने. जुन्या पोथ्यापुराणांवरही बंदी आली. जे लोक बाटले, त्यांचे देव गेले आणि ज्या कथा ऐकत त्यांच्या पिढ्या वाढल्या, त्या कथाही गेल्या.

या संतापाचा स्फोट १५८३ साली झाला. साष्टीतील कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच जेझुइट धर्मगुरूंना ठार मारले. सरकारने गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशीवाचून त्यांचा वध केला. मारले गेलेले धर्मगुरू स्टीफन्स यांचे सहकारी होते. एवढे होऊनही स्टीफन्स यांनी साष्टी सोडली नाही. आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात काढली, ती बहुतांशी याच प्रांतात.

तेथे त्यांनी लोकांची भाषा शिकण्यास आरंभ केला. बोलण्यातील कोकणी आणि ग्रंथांतील मराठी या दोन्ही त्यांनी आत्मसात केल्या. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक मार्मिक गोष्ट नमूद केली : या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. युरोपातील पंडितांना या साम्याची खरी ओळख पटण्यास त्यानंतर दोनशे वर्षे लागली.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या मनातील एक खंत स्टीफन्स यांनी जाणली होती. त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली ते साष्टीतील रायतूर येथे छापून झाले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या कथा आहेत, दुसऱ्या भागात येशू ख्रिस्ताचे चरित्र.

विषय परदेशीचा, पण वेष सगळा या मातीतला! पैठणच्या एकनाथांनी जी ओवी घरोघर पोहोचविली, तीच ओवी स्टीफन्स यांनी हाती धरली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द योजला. सामान्य माणसाला समजावे म्हणून कोकणी शब्दही मोकळेपणाने घातले. फुलांत, पक्ष्यांत, वृक्षांत जे जे श्रेष्ठ, तेच स्थान भाषांमध्ये मराठीचे, असा तिचा गौरव त्यांनी केला. परक्या माणसाने आपल्या भाषेची केलेली ही स्तुती मराठी माणूस अद्याप विसरलेला नाही.

ग्रंथ येथील लिपीत छापावा, असे त्यांच्या मनात होते. परंतु जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे पाडावे लागले असते. अखेर मराठी ओवी रोमन अक्षरांत छापली गेली. १६१९ साली गोव्यातच स्टीफन्स यांचे देहावसान झाले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत त्याची गणना अगदी पहिल्यांत होते.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा टाकून देण्याचा हुकूम काढला. पण लोकांच्या जिभेवरची भाषा हुकमाने पुसली जात नाही. ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती घरोघर जपल्या गेल्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या. १९०७ साली मंगळूरला तो ग्रंथ पुन्हा छापला गेला, आणि १९५६ साली पुण्यात देवनागरीत प्रसिद्ध होऊन महाराष्ट्राच्या हाती आला.

एका हाताने पोथ्या हिरावून घेणाऱ्या सत्तेच्याच छायेत हा माणूस वावरला, हे आपण विसरू नये. त्याच्या धर्मसंस्थेने येथे केलेला अन्याय त्याच्या ओव्यांनी धुऊन निघत नाही. परंतु लोकांच्या अंतःकरणात शिरायचे तर त्यांच्याच भाषेच्या दाराने शिरावे लागते, हे त्याने ओळखले, आणि त्या दाराशी तो विद्यार्थी होऊन उभा राहिला. त्या काळची देवळे पाडणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे आज फारशी कोणास ठाऊक नाहीत. मराठीची ओवी लिहिणाऱ्या या इंग्रजाचे नाव मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आदराने घेतले जाते.