नारिंगी ‘६१’चा सारथी

वऱ्हाडात, बार्शीटाकळी-अकोल्याच्या पट्ट्यात, शंकरपटाचे जे अप्रूप, तेच अमेरिकेच्या ईशान्येकडील लहान गावांत मोटारींच्या शर्यतींचे. मैलभरही लांबी नसलेल्या तेथील लंबगोल धावपट्ट्यांवर रिची इव्हान्स यांनी आयुष्य वेचले.

१९४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका शेतकरी कुटुंबात ते जन्मले. सोळाव्या वर्षी शेती सोडून रोम शहरातील गॅरेजमध्ये कामाला लागले आणि १९६२ मध्ये शर्यतीत उतरले. पुढे त्यांनी ‘नॅसकार’चा सर्वांत जुना ‘मॉडिफाइड’ गट निवडला. जुन्या मोटारींत फेरफार करून उघड्या चाकांनिशी पळवायच्या, असा हा प्रकार. त्या काळी ठरीव वेळापत्रक नव्हते. गावोगावच्या धावपट्ट्यांवर वर्षभर गुण जमवावे लागत. इव्हान्स आठवड्यातील अनेक रात्री नारिंगी ‘६१’ क्रमांकाची गाडी घेऊन राज्याराज्यांतून हिंडत. १९७९ मध्ये त्यांनी ६० पैकी ३७ शर्यती जिंकल्या.

१९८५ मध्ये या गटाला निश्चित वेळापत्रकाच्या मालिकेचे रूप मिळाले. पहिले विजेतेपदही इव्हान्स यांनीच निश्चित केले. १९७८ पासूनचे ते सलग आठवे, एकूण नववे. मात्र हंगाम संपण्यापूर्वीच, २४ ऑक्टोबर १९८५ रोजी, मार्टिन्सव्हिल येथे सरावात गाडी भिंतीवर आदळून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४४.

त्यानंतरच्या काही वर्षांत आणखी चालक दगावले. गाड्यांचे सांगाडे फार ताठ असल्याने धक्का थेट माणसाला बसतो, हे उमगले आणि रचना बदलण्यात आली. मालिकेने ‘६१’ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. २०१२ मध्ये ‘नॅसकार’च्या कीर्तिदालनात इव्हान्स यांचा समावेश झाला.