वडिलांचा शेवटचा शब्द

आजचं वाचन: लेवीय १९:३२

आजच्या वचनात एक गोष्ट लक्षात घ्या. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभं राहायची आज्ञा आणि देवाचं भय बाळगायची आज्ञा, दोन्ही एकाच वचनात शेजारी-शेजारी आहेत. म्हणजे वडीलधाऱ्यांशी आपण कसं वागतो, हा आपल्या भक्तीचाच भाग आहे. पण मग प्रश्न येतो: घरातल्या मोठ्यांचं आणि आपलं पटतच नसेल तर? त्यांचा विश्वास, त्यांचे विचार वेगळे असतील तर?

आज पंडिता रमाबाईंकडे पाहू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कट्टर वैष्णव आणि संस्कृतचे मोठे पंडित. बाईला संस्कृत शिकवणं त्या काळी पाप समजत. तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि त्यासाठी समाजाचा राग सोसला. रमाबाई मोठ्या होईपर्यंत वडील फार थकले होते, म्हणून आईने शिकवायला घेतलं. आठाव्या वर्षापासून साधारण पंधराव्या वर्षापर्यंत आई सांगायची आणि मुलगी ऐकून ऐकून पाठ करायची. घर असं नव्हतंच. तीर्थामागून तीर्थ, पुराण सांगत कुटुंब पायी फिरायचं.

मग दुष्काळ आला. १८७४ साली, रमाबाई सोळा वर्षांच्या असताना, उपासमारीने आधी वडील गेले आणि काही महिन्यांत आईही गेली. मरणाआधी वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं. तिला आपण देवाच्या हाती सोपवलं आहे, आता तिने त्याचंच होऊन राहावं आणि जन्मभर त्याचीच सेवा करावी, एवढंच सांगितलं. मागे ना पैसा, ना घर. उरला तो हा शब्द.

पुढची वाट मात्र वडिलांनी कधी कल्पनाही केली नसेल अशी होती. कलकत्त्यात पंडितांनी तिचा गौरव केला. लग्न झालं, मुलगी झाली आणि १८८२ मध्ये वैधव्य आलं. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वडिलांचा धर्म सोडला, मग वडिलांचा शब्दही सोडला का? नाही. ख्रिस्ताच्या मागे चालल्यावरही, कितीतरी वर्षांनी आपली साक्ष लिहिताना, त्यांनी वडिलांचा तो निरोप मोठ्या प्रेमाने नोंदवला. वडील मनापासून देवाला शोधत होते आणि त्यांची आपल्यासाठीची प्रार्थना देवाने ऐकली, असं त्यांनी मानलं. १८८७ साली इंग्रजीत आपलं पुस्तक छापलं, ते अर्पण केलं आईच्या आठवणीला.

विश्वासात आल्यावरही त्यांचं मोठ्यांचं ऐकणं थांबलं नाही. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, वयाने तीसेक वर्षांनी मोठे. त्यांची पत्रं रमाबाईंनी इंग्लंडमध्ये मन लावून वाचली आणि ख्रिस्ताकडे येण्यात त्या पत्रांचा मोठा वाटा होता.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना तर त्या ‘आजीबाई’ म्हणायच्या. पण या आजीबाईंशी त्यांचे वादही चांगलेच रंगले. चर्चचा अधिकार मोठा की आपला विवेक, यावर पत्रांतून खडाजंगी झाली. रमाबाई दबल्या नाहीत. आपलं म्हणणं सोडलं नाही आणि आजीबाई म्हणणंही सोडलं नाही!

इथेच आपल्याला शिकायचं आहे, नाही का? मान देणं म्हणजे गप्प बसून मान डोलावणं नव्हे. आणि मतभेद झाला म्हणून नातं तोडणं तर मुळीच नव्हे. आधी पूर्ण ऐकायचं, त्यात देवाने आपल्यासाठी काय ठेवलंय ते उचलायचं आणि ते जगून दाखवायचं.

रमाबाईंनी ते जगून दाखवलं. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी आणलं, कारण भूक काय असते हे त्या जाणून होत्या. त्यातूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे मुलींबरोबर म्हाताऱ्या, दुबळ्या बायकांनाही आसरा मिळाला. आईने दिलेली भाषेची शिदोरी वापरून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या. सोळाव्या वर्षी ऐकलेला शब्द त्यांनी जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं पाळला.

मित्रांनो, आपल्या घरातही कुणी आजी-आजोबा तीच गोष्ट पाचव्यांदा सांगत असतील आणि आपलं बोट मोबाईलवर फिरत असेल. आज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा. दूर असतील तर त्याच फोनवरून त्यांना कॉल करा. मध्ये बोलू नका, चूक दुरुस्त करू नका. फक्त ऐका. कोण जाणे, त्यातलाच एखादा शब्द तुम्हाला जन्मभर पुरेल.

प्रार्थना: हे प्रभू, ज्यांनी आम्हाला वाढवलं त्यांच्यासमोर आम्हाला नम्र कर. न पटलं तरी प्रेमाने ऐकणारे कान दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.