सलाईनच्या बाटलीवरचे नाव : सिडनी रिंगर

दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. डॉक्टर, नर्स त्याला नुसते 'आरएल' म्हणतात. त्यातले रिंगर हे एका माणसाचे नाव आहे, बरं का!

सिडनी रिंगर मूळचे इंग्लंडमधील नॉर्विचचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते शिकले आणि पुढे तिथेच डॉक्टर झाले. रुग्ण सांभाळून ते प्रयोगही करत. बेडकाचे हृदय शरीराबाहेर कोणत्या द्रावणात धडधडत राहते, हे त्यांना शोधायचे होते. साध्या मिठाच्या पाण्यात ते छान चालले आणि १८८२ मध्ये त्यांनी तसे छापूनही टाकले.

पण नंतर कळले, की ते द्रावण शुद्ध पाण्यात केलेलेच नव्हते. सहायकाने चक्क नळाचे पाणी वापरले होते! शुद्ध पाण्यात मीठ घालून पाहिले, तर हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबले. म्हणजे नळाच्या पाण्यातले काहीतरी हृदयाला चालवत होते. ते होते कॅल्शियम. रिंगर यांनी १८८३ मध्ये आपलीच चूक उघडपणे छापली. मला तर मूळ शोधापेक्षा हेच मोठे वाटते.

त्यांची लहान मुलगी ॲनी वारली, तेव्हा तिच्या आठवणीसाठी यॉर्कशायरमधील लास्टिंगहॅम गावचे जुने चर्च त्यांनी स्वखर्चाने दुरुस्त करून दिले. त्याच गावी १९१० मध्ये ते वारले. पुढे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी आजारी मुलांच्या रक्तातील आम्लता कमी व्हावी म्हणून त्या द्रावणात लॅक्टेट मिसळले. तेच आपले आरएल.

आता सेप्टिक शॉक पाहा. जंतुसंसर्ग अंगभर भिनतो, रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे निदान ३० मिलि द्रव शिरेतून द्यावा, असे मोठ्या माणसांसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सुचवते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ दोन लिटर! साध्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. त्यातले क्लोराइड रक्तातल्यापेक्षा बरेच जास्त, त्यामुळे खूप दिले की रक्त आम्लधर्मी होते. म्हणून २०२१ च्या मार्गदर्शिकेत आरएलसारख्या, रक्ताशी जुळत्या द्रवाला पसंती आहे. सक्ती मात्र नाही. रुग्ण पाहून डॉक्टरच ठरवतात. अशक्तपणा वाटला की 'एक बाटली लावाच' म्हणून आपण मागे लागतो, तो वेगळाच विषय!